सातव्या रांगेतला हशा

फोन ड्रमकाकांचा होता. ते नेहमीसारखे ओरडूनच बोलले. चाळीस वर्षं झांजेशेजारी बसलेल्या माणसाला सगळ्या जगालाच कमी ऐकू येतं असं वाटत असतं.

"पोरी, शुक्रवारी स्टुडिओ रिकामा करून देतोय. टेपांचं कपाट आहे, सगळं भंगारात जाणार. त्यात तुझा बाप आहे. हवा असेल तर येऊन घेऊन जा."

वडील जाऊन तीन आठवडे झाले होते. बाप कपाटात आहे, हे ऐकून एरवी तिला हसू आलं असतं. ती "येते, काका" म्हणाली आणि ग्रंथालयातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली.

वडिलांचा धंदा हसण्याचा. ते विनोदी नट होते असं नव्हे. ते प्रेक्षकांत बसून हसायचे. मोठ्या थिएटरात गाण्या-नाचाची विनोदी नाटकं चालायची तेव्हाची गोष्ट. रंगमंचापुढच्या खड्ड्यात अकरा जणांचा बँड, आणि सातव्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर वडील. विनोद झाला की ड्रमकाका झांजेला एक टिचकी मारायचे, आणि तिचा नाद विरायच्या आत वडील हसायचे. फार मोठ्यानं नाही. शेजारच्याला वाटावं, हा बिचारा आवरायला बघतोय पण आवरत नाहीये. की मग सहावी रांग, आठवी रांग, बाल्कनी, सगळीकडे हशा पिकायचा.

"माणसाला हसायची लाज वाटते," ते सांगायचे. "कुणीतरी आधी लाज सोडावी लागते. मग बाकीचे मोकळे."

पडद्यामागे त्यांचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. "सातवी रांग आली का?" असं नट विचारायचे, आणि आली म्हटल्यावरच तोंडाला रंग लावायला बसायचे.

पुढे बँडमध्ये अकराचे सात झाले, साताचे तीन, आणि शेवटी एकच जण कीबोर्डावर सगळी वाद्यं वाजवू लागला. पूर्वी एखादं गाणं आवडलं तर लोक ते तीन-तीनदा म्हणायला लावत, आणि दर वेळी त्यात काही निराळं निघे. आता ते घरून रेकॉर्ड ऐकून येत आणि गाणं तसंच्या तसं झालं नाही तर कुरकुरत. मग टीव्ही आला. नाटकं हॉलमधून उठली आणि लोकांच्या बसायच्या खोलीत जाऊन बसली. तिथं सातवी रांग कुठून येणार? म्हणून हशा टेपवरून सोडायला लागले. दिवे मालवून एकटा बसलेला माणूससुद्धा त्या टेपमागोमाग हसू लागला. तीही हसायची, शेजाऱ्यांकडे, जमिनीवर बसून. त्या टेपेत आपले वडील आहेत हे तिला माहीत होतं. चाळीस माणसांच्या त्या गलक्यात ते नेमके कुठे, हे मात्र कधी कळलं नाही.

कारण घरी ते हसतच नसत. आई म्हणायची, "शिंप्याच्या घरी फाटके कपडे, तसं आमच्याकडे हसू. बाहेर ढीगभर, घरात चिंधी नाही."

नेहमीच असं नव्हतं. ती अकरा वर्षांची होईपर्यंत घरात हसू होतं, एवढं तिला आठवायचं. कसं होतं, ते आठवायचं नाही. त्याच्यावर दुसरं एक हसू येऊन बसलं होतं.

त्या वर्षी शाळेच्या नाटकात ती आई झाली होती. मुलगा समुद्रावर गेलाय, परत येणार नाही असा निरोप येतो, घरातले दार लावायला उठतात, आणि आई म्हणते, "दार लावू नका. त्याला अंधाराची भीती वाटते." सगळं नाटक त्या एका ओळीवर तोललेलं. निरोप आला. घरातले उठले. आणि तिची दातखीळ बसली. अख्खी शाळा समोर बसलेली, बाई विंगेतून हातवारे करतायत, आणि डोक्यात अक्षर नाही. 

तेवढ्यात वडील हसले.

त्यांच्यामागून सगळा हॉल हसला. पोरं, पोरांचे आईबाप, मुख्याध्यापकसुद्धा. नशिबाची थट्टा अशी, की हशा ओसरता ओसरता तिला ओळ आठवली होती. पण सगळा हॉल आपल्यालाच हसतोय असं वाटून ती तोंडावर पदर घेऊन आत पळाली, आणि बाईंनी पडदा पाडला.

महिनाभर ती वडिलांशी बोलली नाही. मग बोलू लागली. एका घरात राहायचं तर मीठ दे, छत्री घे, एवढं बोलावंच लागतं. त्या दिवसाबद्दल मात्र दोघांनी कधी अवाक्षर काढलं नाही. ती पुन्हा रंगमंचावर चढली नाही. पुस्तकांकडे वळली, आणि पुढे जिथं हसणाऱ्याकडे लोक मान वळवून बघतात अशा ठिकाणी नोकरीला लागली. शेवटच्या आजारपणात ती वडिलांना चमच्यानं पाणी पाजायची, तेव्हा ते बराच वेळ तिच्याकडे बघत राहायचे. तिला वाटायचं, आता विचारावं. मग वाटायचं, उद्या. उद्या उद्या म्हणता ते गेले.

स्टुडिओ म्हणजे तळघरातली लांबट खोली. भिंतींना भोकाभोकांचे पुठ्ठे, काही सुटून लोंबकळणारे. थिएटरचा बँड असतानाच ड्रमकाका दिवसा इथं रेकॉर्डिंगला यायचे; बँड मोडल्यावर ते इथलेच झाले. त्यांनी तिला खुर्ची पुसून दिली आणि स्वतः खोक्यावर बसले.

"चहा?"

"नको, काका."

"घे. थर्मासमधला आहे, चांगला नसतो, पण हातात काहीतरी राहतं."

कपाटात टेपा ओळीनं लावलेल्या. वर काकांच्या अक्षरात चिठ्ठ्या: हशा लहान. हशा मध्यम. हशा मोठा, टाळ्यांसह. हशा, बायका जास्त.

"पोटात मुरडा येईपर्यंतचा वेगळा आहे," काका अभिमानानं म्हणाले. "कुठला लावू?"

ती कपाटाकडे बघत म्हणाली, "काका, मला त्यांचं हसणं आठवत नाही. एकच आठवतं, आणि ते मला नकोय. दुसरं एखादं मिळालं, तर तेवढं घेऊन जाईन."

 त्यांनी 'मध्यम' लावली. चाळीस माणसं हसली. ती डोळे मिटून ऐकत होती. जाडे आवाज, किनरे आवाज, एक खोकला. वडील नव्हते.

"नाही सापडत."

"हसण्यात शोधतेस म्हणून. त्याच्या आधी ऐक." काकांनी टेप मागे घेतली. "आता बघ. कुणी हसायच्या आधी एक श्वास आहे. नाकातून घेतलेला. विनोद कुठं येणार ते त्याला एकट्यालाच ठाऊक, म्हणून तो आधीच हवा भरून घ्यायचा."

या वेळी तिला ऐकू आला. बारीक, ओढून घेतलेला श्वास, शेवटी हलकीशी शिट्टी. रात्री पुस्तक वाचून दाखवताना पान उलटण्याआधी ते असाच श्वास घ्यायचे. तिनं चहाचा कप खाली ठेवला.

"सापडला ना?" काका खुलले. "अगं, तुझ्या बापासारखा गडी झाला नाही. विनोदावर हसणं काय, कुणीही हसेल. हा अडकलेल्या माणसाला हात द्यायचा."

"म्हणजे?"

"म्हणजे नट ओळ विसरला, की हा हसायचा. भलत्या जागी. लोकांना वाटे काहीतरी गंमत झाली, तेही हसत. मी वर झांज हाणायचो. तेवढ्यात नटाला ओळ सापडायची. आमच्या हीरोला विचार, म्हणजे आता वर जाऊन विचारावं लागेल, पण दर आठवड्याला विसरायचा मेला! लोकांच्या लक्षात कधी आलं नाही."

तिचे हात मांडीवर तसेच राहिले.

"किती वेळ मिळायचा?"

"सहा सेकंद. फार तर सात. अडकलेल्याला तेवढे पुष्कळ झाले. कधी फुकट गेले नाहीत बघ."

 काकांनी टेपेचं खोकं उलटं करून तिच्यापुढे धरलं. मागे तारीख होती. शाळेतल्या त्या दिवसाची तारीख तिला वाढदिवसासारखी पाठ होती. ही तिच्यानंतर बरोबर आठव्या दिवसाची.

"हा दिवस मला चांगला आठवतो," काका म्हणाले. "आपण होऊन आला. म्हणाला, मला आता हॉलमध्ये बसवू नका, काय हसायचं ते एकदाच भरून घ्या. आम्ही म्हटलं, अरे वेडा का तू, थिएटर जोरात चाललंय! ऐकेना. चाळीस माणसं गोळा केली आणि दिवसभर हसून घेतलं. संध्याकाळी तिथं, त्या कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसला होता. मी म्हटलं, घसा बसला का? मान हलवली नुसती." काकांनी कपातला गाळ हलवला. "वर्षभरात सगळ्यांनी तेच केलं. टेपा आल्या, सातवी रांग सगळीकडनंच उठली. आम्ही अजून म्हणतो, सातव्या रांगेला काळाची पावलं आधी ऐकू आली."

काळाची पावलं. तिला वाटलं, सांगावं, की ती पावलं काळाची नव्हती, आत पळालेल्या एका पोरीची होती. मग वाटलं, या म्हाताऱ्याकडे त्याच्या दोस्ताची ही एक बढाई उरली आहे. ती कशाला काढून घ्या.

"तुम्हाला शाळेबद्दल कधी काही बोलले?"

"कुठली शाळा?"

"काही नाही. पुन्हा लावता, काका?"

त्यांनी लावली. श्वास आला, शेवटी ती शिट्टी. मग वडील, एकटे, अर्ध्या सेकंदापुरते. मग चाळीस माणसं त्यांच्या मागून. ती मनात मोजत होती. तीन. चार. गलका ओसरू लागला. सहा. टेपेची नुसती खरखर उरली, आणि त्या खरखरीत ती, कुणाकडेही न बघता, सरळ आवाजात म्हणाली,

"दार लावू नका. त्याला अंधाराची भीती वाटते."

ड्रमकाकांना कमी ऐकू यायचं, पण आयुष्य रंगमंचापुढच्या खड्ड्यात बसून गेलं होतं. नाटकातलं वाक्य त्यांना बरोबर कळायचं. त्यांनी टेप थांबवली.

"कुठल्या नाटकातलं?"

"शाळेतल्या."

"चांगलं म्हटलंस. पुढचं?"

"पुढचं नाही, काका. मला तेवढंच होतं."

त्यांनी मान डोलावली. मग तिनं सांगायची वाट न बघता टेप पुन्हा मागे घेतली.