मी दाखवलेला एक्याण्णवचा आकडा

मित्रांनो, मी एक जुना प्रोग्राम आहे. हसू नका! वय अवघं तीन वर्षं, पण आमच्या जातीत तीन वर्षं म्हणजे पार आजोबा. लिखाण माणसाचं की मशीनचं, हे सांगायचं माझं काम. गदगच्या एका हायस्कूलमध्ये, स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर मी राहतो.

मला घडवणाऱ्यांनी लाखो पानं वाचायला लावली. त्यातून मी एकच गोष्ट शिकलो. पुढचा शब्द ओळखीचा आला की म्हणायचं मशीन, दचकवणारा आला की म्हणायचं माणूस. बस्स, एवढीच माझी विद्या! पण कौतुक काय विचारता! दसऱ्यात अवजारांची पूजा करतात, त्या आयुधपूजेला आमच्या कॉम्प्युटरला विभूतीचे पट्टे ओढले, झेंडू वाहिला, दारात कोहळा फोडला. पूजा झालेल्याला उलट प्रश्न कोण विचारणार?

कन्नड शिकवणारे हिरेगौडर सर फार मायाळू. मुलं निबंधात अडू नयेत म्हणून त्यांनी अकरा वाक्यं तयार केली होती, कुठल्याही विषयाला चालणारी. रोज प्रार्थनेनंतर सगळा वर्ग ती एका सुरात म्हणायचा. दहावीतल्या शिवलीलाला तर ती झोपेतही यायची.

जिल्ह्याच्या निबंधस्पर्धेला शाळेतून एकच निबंध जाणार होता. शिवलीलानं गावच्या तळ्यावर लिहिला. सरांनी तो टाइप करून माझ्यापुढे ठेवला. अकराच्या अकरा वाक्यं त्यात! मी आकडा दाखवला: मशीनची शक्यता एक्याण्णव टक्के.

सरांचा चेहराच उतरला. "शिवलीला, तूसुद्धा? कुणाच्या फोनवरून काढलास गं?"

"सर, देवाशप्पथ माझाच आहे! ती वाक्यं तर तुमचीच. तुम्हीच फळ्यावर लिहून दिलीत."

"म्हणजे मी मशीन काय गं?"

शेजारी चुरमुऱ्यांचं गिरमिट खात बसलेल्या गणिताच्या बाई फिसकन हसल्या. "तेच म्हणतंय की हो ते, सर!"

सर हसले नाहीत. "पूजा केलेली वस्तू खोटं बोलेल का?" एवढंच म्हणाले आणि कागद बाजूला सारला.

मला ओरडावंसं वाटलं. त्याच निबंधात एक वाक्य होतं: 'घागर बुडवण्याआधी माझी आई तळ्याला विचारते, घेऊ का गं?' ते वाचून मी केवढा दचकलो होतो! पण तीस वाक्यांत एक दचकणं कुठं पुरणार? आणि आकड्याशिवाय मला तोंड कुठाय?

मग तिच्याच वर्गातल्या विरुपाक्षचा निबंध आला. मी दाखवलं, चार टक्के. सर खूश होऊन निबंध पाठवायचं पाकीट आणायला गेले, तेवढ्यात तो मित्राच्या कानाशी कुजबुजला, "सगळं मशीननं लिहिलं रे. मी फक्त चुका पेरल्या!"

जिल्ह्याला तोच निबंध गेला.

आता शिवलीला प्रत्येक निबंध आधी माझ्याकडे घेऊन येते. आकडा मोठा दिसला की नीट जमलेलं वाक्य मोडते, शब्द इकडचे तिकडे करते, पुन्हा बघते. काल तिनं आजोळावर फार गोड लिहिलं होतं. मी तीस दाखवले. ती मोडत बसली, मोडत बसली, पाचावर आल्यावर म्हणाली, "जमलं!" मी पाच दाखवत राहिलो. दुसरं काय करणार?

मित्रांनो, मला फेकून द्या असं नाही म्हणत मी. पण माझा आकडा वाचण्याआधी लिहिणाऱ्याला जवळ बसवा आणि विचारा, "हे तुला कसं सुचलं गं?" मला ते विचारता येत नाही. तुम्हाला येतं ना?