घरचा पट्टा

"बाबा, हात सोडू नका. वळणाच्या आधी ब्रेक, आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर."

लेकीचं सांगून होईपर्यंत पडद्यावरची लाल गाडी कठड्यावर आदळलीसुद्धा. जेवणाच्या टेबलाला आवळून बसवलेलं स्टिअरिंग तात्यांच्या उजव्या मुठीत थरथरलं. डावा हात बाजूला, हवेत आडवा होता.

"पुन्हा लाव," तात्या म्हणाले.

उभा जन्म त्यांनी लॉन्ड्रीची गाडी चालवली. शेजारी बायको, हॉटेलांत गाठोडी पोचवायचं काम तिचं. निम्म्या फेऱ्या झाल्या की तिला डुलकी लागायची. मांडीवर गाठोडं, म्हणून सीटचा पट्टा ती कधी लावायची नाही. ब्रेक दाबला की तात्यांचा डावा हात आपसूक तिच्यापुढे आडवा जायचा. मालक ओरडला तर म्हणायची, "मला कशाला पट्टा? माझा घरचा आहे."

गेल्या महिन्यात तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. हाताला ते कळलं नाही. तात्या कामावर परतले त्याच आठवड्यात एक कुत्रं मध्ये आलं. ब्रेक दाबला, हात रिकाम्या सीटकडे गेला आणि गाडी खांबावर गेली.

मालक भला माणूस. म्हणाला, "तात्या, हात ठिकाणावर आला की या. सोमवारपर्यंत थांबतो. पुढे मला दुसरा माणूस बघावा लागेल."

म्हणून लेकीने आपला शर्यतीचा खेळ त्यांच्यापुढे मांडला होता. सुरुवातीला तात्या वळण आलं की इंडिकेटर शोधायचे, मागच्याला वाट द्यायचे.

"बाबा, ही शर्यत आहे, शतपावली नाही."

"घाईत दिसतोय बिचारा. जाऊ दे की."

पण स्टिअरिंग खऱ्यासारखं ओढ घ्यायचं. चाक रस्त्याखाली उतरलं की तळहाताला कळायचं. म्हणूनच हात फसायचा. दर ब्रेकला डावीकडे.

रविवारी लेक स्टूल ओढून त्यांच्या डाव्या बाजूला बसली. "मी बसते इथे. म्हणजे हाताला जरा..."

"नको. ऊठ." मग आवाज उतरवून म्हणाले, "तिथे कोणी नाही, हेच शिकायचंय ना मला?"

ती उठून मागे उभी राहिली.

वळण आलं. ब्रेक. स्टिअरिंगने हिसका दिला. डाव्या हाताची बोटं आवळून पांढरी पडली, पण हात जागचा हलला नाही. गाडी वळणातून नीट बाहेर पडली. पुढच्याही वळणातून.

"जमलं की, बाबा."

"हो. जमलं."

खेळ बंद झाल्यावरही त्यांनी डावा हात बराच वेळ स्टिअरिंगवरून काढला नाही.

सोमवारी सकाळी गाडी भरून तयार होती. मालक दारात उभा होता. तात्यांनी मागचं एक गाठोडं उचललं आणि डाव्या सीटवर ठेवलं. आतल्या चादरी अजून कोमट होत्या. त्यांनी पट्टा ओढला, गाठोड्यावरून आणला आणि खट् आवाज येईपर्यंत दाबला.

"तात्या, मागे जागा आहे की," मालक म्हणाला.

"असू दे," म्हणून त्यांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.