तळ्यातला हात

दुसऱ्यांचे कपडे बेतताना शिंपीण कधी डगमगली नाही, पण स्वतःच्या बाप्तिस्म्याचा पांढरा झगा शिवताना तिने तोच टाका तीनदा उसवला. बाप्तिस्मा तळ्यात व्हायचा होता. त्याच तळ्यात तिचा दादा बुडाला होता आणि त्याचा देह काही केल्या सापडला नव्हता.

झगा रोज सकाळी ओला मिळायचा. सगळा नाही, फक्त डावी बाही, मनगटापाशी. तिथे बोटांचे ठसे उमटलेले असत आणि शेवाळाचा वास येई. दुकानाला रात्रभर कुलूप आणि छत कोरडं ठणठणीत.

"इस्त्रीचं पाणी सांडलं असेल," नवरा म्हणाला. मग त्याने बाही हुंगली आणि दाराचं कुलूप पुन्हा ओढून पाहिलं.

शेवटी तिने चर्चच्या पाळकांचं घर गाठलं. म्हातारे पाळक दारात बसून चपलेचा तुटका अंगठा शिवत होते.

"पाळकसाहेब, मला नाही जमायचं. दादा खाली माझी वाट बघतोय."

त्यांनी तिला वेड्यात काढलं नाही. "बस," एवढंच म्हणाले.

"गटांगळ्या खाणाऱ्या शिष्याला प्रभूने हात दिला, असं तुम्हीच शिकवलंत. मग दादाला का नाही दिला? आई काठावर घसा फुटेस्तोवर हाका मारत होती. प्रभूला ऐकू आलं नाही, की तिथे कुणी नव्हतंच?"

"मला माहीत नाही," पाळक म्हणाले. "खोटं कशाला बोलू? त्या तळ्यात उभा राहिलो की माझाही घोटा कुणीतरी चाचपतं. मी प्रभूचं नाव घेतो आणि उभा राहतो. भीती गेल्यावर उतरेन म्हटलं असतं, तर आजवर कोरडाच राहिलो असतो."

रविवारी सकाळी तळं निपचित पडलं होतं. मंडळी काठावर गात होती. आई मात्र लांब, पाण्याकडे पाठ करून बसली होती.

छातीभर पाण्यात पाळकांनी एक हात तिच्या पाठीला लावला, दुसरा कपाळावर ठेवला आणि तिला मागे झुकवून पाण्याखाली नेलं. दार लोटावं तसं गाणं थांबलं. मग तिच्या डाव्या मनगटाभोवती गार बोटं मिटली.

"चिमणे," कुणीतरी अगदी कानाशी म्हणालं. त्या नावाने तिला हाक मारणारा एकच होता.

हिसडा मारावा असं अंगातला कण न् कण सांगत होता. तिने मारला नाही. 'प्रभू,' ती मनात म्हणाली, 'तू आहेस का, मला अजून ठाऊक नाही. पण असशील तर इथेही असशील. याला धर. मलाही धर.' तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा तिने उजवा हात त्या बोटांवर ठेवला. बोटं थरथरत होती. कुणीतरी तिच्यापेक्षाही जास्त भ्यायलं होतं. मग ती बोटं अलगद सुटली.

ती वर आली तेव्हा पाळकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "किती जड झाली होतीस गं," ते पुटपुटले. "दोघांना ओढतोय असं वाटलं."

आई कपड्यांसकट पाण्यात शिरत होती. लेकीचं मनगट धरून तिने त्यावरचे वळ पाहिले आणि विचारलं, "दिसला?"

"नाही गं. पण माझा हात धरला होता. मी प्रभूला सांगितलं, आता तू धर."

तिथेच, कमरेएवढ्या पाण्यात, आईने डोळे मिटले आणि दादा गेल्यापासून पहिल्यांदाच प्रार्थनेत त्याचं नाव घेतलं.