गडीवेल

इंदूबाईनं कुदळीचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि धाकट्या दिराला हलूच दिलं नाही.

"सोडा वयनी," शालिकराम म्हणाला. "तीन सालं झाले, ही काटवलाची वेल फुलते अन् गळते. वांझ हाये. उपटतो अन् पराटी लावतो."

"हात तं लावून पाहा, भाऊजी!"

तो पुटपुटत निघून गेला.

वांझ! हा शब्द घरात तिच्यासाठीच ठेवणीतला होता. लग्नाला नऊ वर्षं झाली, कूस उजवली नाही. म्हणून सासू केशरबाईनं लेकासाठी दुसरी पोरगी हेरली होती. पोळा झाला की पाहुणे येणार होते. नवरा देवीदास मूग गिळून बसलेला.

इंदूबाईनं काटवलाचं, म्हणजे करटोलीचं, गळालेलं एक फूल उचललं. फुलाखाली इवलंसं काटेरी बोंड होतं. दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, सगळी बोंडाचीच. बिनबोंडाचं एकही नाही. बिनबोंडाच्या वेली तिनंच तर उपटल्या होत्या! फळत नाहीत म्हणून सासू दर साल उपटायला लावायची, आणि ही मान खाली घालून उपटायची. तेव्हा टेकडीपासून नाल्यापर्यंत सलग रान होतं. इथली वेल गेली तरी शेजारची होतीच. मग तोड झाली. रानाची नुसती ठिगळं उरली, मधे सगळी कपाशीची पराटी. एका ठिगळातून बिबा गेला, दुसऱ्यातून कुडा, आणि या ठिगळातून गडीवेल, ती बिनबोंडाची नर वेल. फुलावरचं पाखरू एवढी पराटी ओलांडून येतं कशाला?

तिन्हीसांजेला ती नाल्यापलीकडच्या ठिगळात गेली. ओटीभर बिनबोंडाची फुलं आणली आणि इथल्या उमलत्या फुलांवर एकेक घासली. बघणारे हसले. हसू देत मेले!

पोळा झाला. पाहुणे ओसरीवर चहा पीत होते, तेव्हा तिनं काटवलांची टोपली सासूपुढं आदळली.

"अवो माय! वांझ वेल फळली?"

"वेल वांझ नोयतीच, आत्याबाई. तिले गडी नोयता. तो आपनच उपटून फेकला होता."

पाहुण्यांनी बशा खाली ठेवल्या. इंदूबाईनं पदर खोचला.

"पोरगी मंग पाहजा. आदी तुमच्या लेकाले अकोल्याच्या दाक्तरले दाखवा."

देवीदास उठला. त्यानं डोक्यावर टोपी घातली.

"अकोल्याची मोटार किती वाजता हाये?" त्यानं पोरीच्या बापालाच विचारलं.