सात रोपं, दोन किल्ल्या

जुनी आहे, जस्ती पत्र्याची आहे, डाव्या कुशीला एक पोचा आहे आणि बुडाला दोन ठिकाणी डाग दिलेला आहे. एवढी ओळख पुरे. मित्रांनो, मी झारी आहे.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या पत्र्याच्या दुकानात झाला. कारागिराचा हात सफाईदार, पण जीभ त्याहून सफाईदार. पत्रा कापता कापता तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "ही झारी तुमच्या नातवंडांना पुरेल, बघा." गिऱ्हाईक होता रोपवाटिकेतला माळी, आणि त्याचं अजून लग्नही ठरलं नव्हतं. तो कानापर्यंत लाजला आणि मला घेऊन गेला. माझ्या लांब नळीच्या टोकाला पितळी चाळणी आहे. तिला एकशे बारा भोकं आहेत. मी मोजली आहेत. पाच तांबे पाणी पोटात घेऊन जन्मभर फिरणाऱ्याला मोजायची खोड लागतेच.

रोपवाटिकेत मी एकोणीस वर्षं काढली. उन्हाळ्यात दिवसाला चाळीस खेपा, थंडीत पंचवीस. कामावर नवा माणूस आला की माळी मला उचलून त्याच्यापुढे धरायचा. "हिचं पाणी अंगावर पडलं तर कोवळ्या पानाला कळतसुद्धा नाही," असं म्हणायचा. मित्रांनो, कौतुक कोणाला नको असतं? मीही त्या दिवसांत जरा नळी वर करूनच चालायचे.

मग रबरी पाइप आला. माणसाचं कसं असतं, तेच काम बसल्या जागी होतंय म्हटलं की कालच्या लाडक्याचं तोंडही बघवत नाही. मला कोपऱ्यात टाकलं. कोणी माझ्यात खिळे ठेवले, कोणी सुतळीचे तुकडे. एका पावसाळ्यात एका बेडकानं माझ्यात बिऱ्हाड केलं. बेडकाचा मला राग नाही. एवढ्या वर्षांत भाडं मागायची वेळ आलेला तो माझा एकुलता एक भाडेकरू.

पुढे माळी निवृत्त झाला आणि जाताना त्यानं मला आपल्या मित्राकडे सोपवलं. हा मित्र घड्याळं दुरुस्त करायचा. त्याला सगळे 'घड्याळवाले' म्हणत. दुकान मुलाकडे देऊन तो आता घरीच असे आणि घड्याळांची सगळी बारकाई त्यानं गॅलरीतल्या कुंड्यांवर खर्च करायला घेतली होती. त्यानं मला घासलं, बुडाला डाग दिला, चाळणीचं एकेक भोक सुईनं मोकळं केलं. इतक्या प्रेमानं मला कोणी कधी न्याहाळलं नव्हतं. त्याची बायको शाळेत शिकवून निवृत्त झालेली. तिला सगळी इमारत 'बाई' म्हणे. बाई दारात उभी राहून म्हणाली, "एवढं लक्ष माझ्या कानदुखीकडे दिलं असतं तर बरं झालं असतं."

आता खरी गोष्ट सांगते.

घड्याळवाल्यांच्या आईनं एक टोमॅटो जपला होता. पिवळा, चुण्या पडलेला, दिसायला ओबडधोबड, पण एकदा खाल्ला की बाजारातला टोमॅटो पाणचट लागावा. दर वर्षी ती बी काढून ठेवायची. ती गेल्यावर दोन वर्षं कोणी लावलाच नाही, आणि मग लक्षात आलं की शेवटची बावीस बियांची पुडी तेवढी उरली आहे. बावीसच्या बावीस लावल्या. सात उगवल्या. कागदी पेल्यांत सात रोपं, प्रत्येकाला चार-चार पानं, आणि सगळे पेले एका पत्र्याच्या ताटात मांडलेले. ती जगली तर वाण जगणार होता, नाहीतर संपला.

नेमकं त्याच वेळी बाईंनी समुद्रकिनाऱ्यावर आठ दिवस राहायचं ठरवलं. गेल्या नऊ वर्षांत हे दोघं घराबाहेर एक रात्र राहिले नव्हते. दर वेळी घड्याळवाल्यांना काहीतरी आडवं यायचं.

"अगं, रोपं एवढीशी आहेत. महिनाभरानं जाऊ," ते म्हणाले.

बाई गॅलरीत आली, माझ्या शेजारी उभी राहिली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "सासूबाई होत्या तोवर सासूबाईंमुळे जाता आलं नाही. आता त्यांच्या टोमॅटोमुळे. त्यांना म्हणावं, जरा सुट्टी द्या मला."

घड्याळवाले हसले, पण बाईंच्या त्या थट्टेत रडू कुठे होतं ते त्यांना कळलं असावं. त्यांनी तिकिटं काढली. मात्र मनातली अट मी ऐकली, कारण ती ते माझ्याशीच पुटपुटले, "एक जरी रोप वाळलं ना, तर पुन्हा ह्या घराला कुलूप लागणार नाही."

बघा, म्हणजे टांगणीला काय लागलं होतं. नुसती सात रोपं नव्हे. बाईंच्या उरलेल्या सगळ्या सुट्ट्या.

मग घड्याळवाल्यांनी यंत्रणा उभारली. स्टुलावर पाण्यानं भरलेली बादली. बादलीतून सात सुती दोऱ्या निघालेल्या, प्रत्येकीच्या एका टोकाला नट बांधलेला, म्हणजे ते बुडाशी राहील. दुसरं टोक पेल्यातल्या मातीत खोचलेलं. दोरी पाणी ओढते आणि थेंब थेंब मातीला देते. दोन दिवस हातात घड्याळ धरून त्यांनी थेंब मोजले. काम चोख होतं. मी मोजण्यातली जाणकार आहे, मला खोट काढता आली नाही.

तरीही निघायच्या आदल्या सकाळी ते वरच्या मजल्यावरच्या नर्सताईंना गॅलरीत घेऊन आले. हळूच किल्ली दिली. "ताई, रोज सकाळी ड्यूटीवर जाताना अर्धी झारी. बाईला सांगू नका हं. तिला वाटेल, माझाच माझ्या दोऱ्यांवर भरवसा नाही."

"नाही सांगत," नर्सताई म्हणाल्या. "रुग्ण किती?"

"सात."

त्याच दिवशी दुपारी घड्याळवाले तेवढे खाली गेले असताना बाईंनी समोरच्या दारातल्या शिंपीकाकांना बोलावलं. पुन्हा तीच गॅलरी, पुन्हा एक किल्ली. "काका, जेवण झालं की येऊन अर्धी झारी घालत जा. ह्यांना कळू देऊ नका. दोऱ्यांचा अपमान झाला म्हणून इथेच ठाण मांडून बसतील."

"वहिनी, बिनघोर जा," शिंपीकाका म्हणाले. "माझ्याकडून कधी टाका सुटला नाही."

मी कोपऱ्यात बसून दोन्ही बोलणी ऐकली. मला तोंड आहे, त्याला एकशे बारा भोकं आहेत, पण त्यातून फक्त पाणी येतं.

दोघं गेली. पहिल्या सकाळी सात वाजता नर्सताई आल्या. मातीकडे बघून म्हणाल्या, "ओलीच दिसते. दोऱ्या चालतात वाटतं." तरी त्यांनी मला अर्धं भरलं आणि ओतलं, कारण सांगितलं होतं. दुपारी दोन वाजता शिंपीकाका आले. तेही मातीकडे बघून "वा!" म्हणाले आणि तरी ओतलं, कारण शब्द दिला होता. मित्रांनो, तुम्हाला एक गुपित सांगू? पुष्कळदा माणसं रोपाच्या तहानेसाठी पाणी घालतच नाहीत. उद्या आपल्याला कोणी बोल लावू नये म्हणून घालतात.

माझा हिशोब असा होता. सकाळी अडीच तांबे, दुपारी अडीच तांबे, शिवाय बादलीच्या दोऱ्या रात्रंदिवस चालू. सगळे मिळून सात पेले, एकेक माणसाच्या मुठीएवढा. ताटात पाणी साचलं. तिसऱ्या दिवशी खालची पानं पिवळी पडली. त्यावर शिंपीकाकांना वाटलं, पाणी कमी पडतंय. त्यांनी झारी पाऊण भरली. चौथ्या दिवशी एका रोपाचा देठ मातीलगत काळा पडला. पाचव्या सकाळी ते आडवं झालं. त्या सकाळी नर्सताई आल्या नाहीत. त्यांची पाळी बदलली होती. म्हणून त्या दुपारी आल्या.

दार उघडून बघतात तर गॅलरीत शिंपीकाका, हातात मी.

"काका! तुम्ही इथे काय करताय?"

"मी? तुम्ही कशा शिरलात आत?"

"मला किल्ली दिलीय घड्याळवाल्यांनी."

"मला वहिनींनी दिलीय." काकांनी खिशातून किल्ली काढून दाखवली, जणू पोलिसच आलेत.

 मग दोघांनी एकदम बादलीकडे पाहिलं, दोऱ्यांकडे पाहिलं, ताटात साचलेल्या पाण्याकडे पाहिलं.

"अरे देवा," नर्सताई म्हणाल्या. "तीन-तीन डॉक्टर आणि तिघांचीही सलाइन चालू!"

"तरी मी आजपासून पूर्ण झारी घालणार होतो," काका पुटपुटले.

"ठेवा ती खाली आधी!"

मला खाली ठेवलं. इतक्या वर्षांत मला कोणी इतक्या घाईनं खाली ठेवलं नव्हतं, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं.

तेवढ्यात नर्सताईंचा मोबाइल वाजला. घड्याळवालेच होते, ते रोज याच वेळी फोन करत. काकांनी हात जोडले. "ताई, सांगू नका. ते आजच्या आज गाडीत बसतील. वहिनी नऊ वर्षांनी निघाल्यात हो."

नर्सताईंनी क्षणभर विचार केला आणि फोन कानाला लावला. "हो, बघतेच आहे. पाणी? पाण्याची काही कमी नाही. भरपूर आहे. तुम्ही बाईंना घेऊन किनाऱ्यावर जा बघू." फोन ठेवून त्या म्हणाल्या, "ह्यात एक शब्द खोटा नाही."

मग त्या कामाला लागल्या. सातही दोऱ्या ओढून काढल्या. ताट उपडं केलं. शिंपीकाका धावत जाऊन दुकानातून सुती कतरणीची पिशवी घेऊन आले. पेल्यांखाली कतरणीचा जाड थर अंथरला. तो ओला झाला की काढायचा, पिळायचा आणि कोरडा घालायचा. गॅलरीची खिडकी सताड उघडली. नर्सताई दर पेल्यात बोटाचं पेर खुपसून बघायच्या आणि मान हलवायच्या. "अजून नाही. अजून नाही."

तीन दिवस मला कोणी हात लावला नाही. सातांतलं एक तर आधीच गेलं होतं, दुसरं सहाव्या दिवशी गेलं. बाकी पाच उभी राहिली. मित्रांनो, एकोणीस वर्षांत मी लाखो खेपा केल्या, पण ह्या जन्मातलं माझं सर्वांत मोठं काम म्हणजे ते तीन दिवस कोरडं बसून राहणं.

आठव्या दिवशी दोघं परतली. बाईंचा चेहरा उन्हानं रापला होता आणि चपलांतून वाळू गळत होती. घड्याळवाले पिशवी न ठेवताच गॅलरीत आले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजलं. पुन्हा पाचच. दारात नर्सताई आणि शिंपीकाका अपराध्यासारखे उभे. दोघांनी आपापली किल्ली टेबलावर ठेवली आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

घड्याळवाल्यांनी दोन्ही किल्ल्यांकडे पाहिलं, मग बाईंकडे. "म्हणजे माझ्या दोऱ्यांवर तुझा भरवसा नव्हता?"

"तुमचा तरी कुठे होता?"

 बाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली. मला वाटलं, आता ते वाक्य येणार, पुन्हा कुठे जायचं नाही.

घड्याळवाले खाली बसले. मेलेल्या रोपांचे दोन पेले त्यांनी हातात घेतले, माती चिवडली, कुजलेली मुळं पाहिली. बराच वेळ पाहिली. मग म्हणाले, "ही तहानेनं नाही गेली. माझ्या धास्तीनं गेली." आणि बाईंकडे न बघता, खाली मान घालूनच म्हणाले, "पुढच्या वर्षी दहा दिवस जाऊ. किल्ली एकालाच द्यायची. कोणाला, ते तू ठरव. मी विचारणारसुद्धा नाही."

"विचाराल," बाई म्हणाली. पण तिचा आवाज ओला होता, आणि तो ओलावा कतरणीनं टिपण्यातला नव्हता.

पाच रोपांना पुढे टोमॅटो लागले, पिवळे आणि चुणीदार. बी काढली, वाळवली आणि चार घरांत वाटली, म्हणजे वाण आता एका गॅलरीच्या भरवशावर राहिला नाही.

मित्रांनो, मी जुनी झाले. पोचा वाढत चाललाय, एक डाग पुन्हा पाझरू लागलाय. तुमच्या घरी माझ्यासारखी कोणी असेल तर तिला काम झाल्यावर उपडी ठेवा, म्हणजे गंजणार नाही. गावाला जाताना रोपं एकाच माणसाच्या हाती सोपवा आणि मग त्याला आणि रोपांना निवांत सोडा. आणि कोणाची रोपं तुमच्या हाती आली, तर मला उचलण्याआधी मातीत बोट घालून बघा. माती ओली लागली तर मला खुशाल खाली ठेवा. खरंच सांगते, मला राग येणार नाही.