लागलेलं आणि न लागलेलं लग्न

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायची. एका दुपारी एक बाई आली आणि काउंटरवर हात टेकून उभी राहिली.

"फ्रेम दाखवू?"

"नको. तुम्ही माझ्या नवऱ्याची बायको ना?"

बाईचा आवाज चढलेला नव्हता. ती भांडायला आली असती तर बरं, असं हिला वाटून गेलं. हिचा नवरा औषधांचा विक्रेता. निम्मा महिना फिरतीवर. त्या फिरतीचं गाव म्हणजे या बाईचं घर होतं.

"पण ते म्हणाले, पहिली बायको वारली," ही कशीबशी बोलली.

"मी वारले? मग आज सकाळी त्यांचा डबा कोणी भरला?"

त्या दिवसापासून हिचा पाय एका जागी ठरेना. काचा हातातून निसटू लागल्या. घरी पोरीची वेणी घालता घालता ही मध्येच उठायची, खिडकीशी जायची आणि कशाला आले तेच विसरायची.

शेवटी वकीलबाईंकडे गेली. "मला घटस्फोट हवाय."

"तुम्हाला तो लागतच नाही. पहिलं लग्न मोडलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न कायद्यानं शून्य. कोर्ट फक्त तसं जाहीर करेल."

"शून्य? आणि माझी पोर?"

"पोरीच्या हक्काला धक्का नाही. पण त्याला शिक्षा व्हावी, अशी पहिल्या बायकोची फिर्याद आहे. त्यात तुमची साक्ष लागेल. तुमचं लग्न रीतसर लागलं होतं, हे आधी सिद्ध व्हायला हवं."

"म्हणजे जे लग्नच नव्हतं, ते लागलं होतं म्हणून मी सांगायचं?"

"कायदा असाच आहे, बाई."

हे नवऱ्यालाही कळलं होतं. तो आला तो गयावया करतच. "एवढंच म्हण, लग्न लागलं नव्हतं, आपण नुसते राहत होतो. नाहीतरी ते शून्यच ना? माझी नोकरी वाचेल. पोरीला बाप राहील."

आईही म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण कशाला? गप्प राहा."

हिने ते वाक्य मनात घोळवून पाहिलं. नुसते राहत होतो. भांडी घासताना म्हटलं, रस्त्यानं चालताना म्हटलं. दर वेळी वडील डोळ्यांसमोर यायचे. लग्नाच्या दिवशी दुखऱ्या गुडघ्यांनी मांडवभर फिरत, एकेका पाहुण्याचा हात धरून त्यांनी जेवायला बसवलं होतं. आता ते नव्हते. त्यांच्यामागे त्यांच्या लेकीनं म्हणायचं, की तो सगळा थाट कशाचाच नव्हता?

कोर्टात नवऱ्याच्या वकिलानं खिंडीत गाठलं. "एकीकडे म्हणता लग्न शून्य, दुसरीकडे म्हणता लागलं होतं. नक्की काय?"

"लागलं होतं," ही म्हणाली. "सगळ्या गणगोतासमोर लागलं. मी खरं लग्न केलं. खोटं त्यांनी केलं."

पुढे त्याला शिक्षा झाली. हिच्या अर्जाचा निकालही लागला: विवाह शून्य. तो ऐकायला पहिलीही आली होती. दोघी कोर्टाच्या पायऱ्यांवर उभ्या राहिल्या.

"तुम्ही सुटलात," पहिली म्हणाली. "माझं लग्न मात्र पक्कं. तो आत आणि मी बाहेर, तरी त्याचीच बायको."

इतके दिवस ही स्वतःच्याच फेऱ्यात भोवंडत होती; या बाईचं पुढे काय, हा विचार मनाला शिवलाच नव्हता.

"तुम्हाला राहायचंय त्याच्या नावाला बांधून?"

पहिलीनं नुसती मान हलवली. नाही.

"मग चला. वकीलबाई अजून आतच आहेत," हिने तिचा हात धरला. "मी थांबते तुमच्याबरोबर."