आवाज आला, चित्र आलं नाही

मित्रांनो, शिवणयंत्राशेजारच्या फळीवर करडा, एका कोपऱ्याला खरवडलेला डिस्क प्लेअर दिसतो ना, तो मी. डिस्क दाखवणे आणि कॅमेऱ्यातले चित्रीकरण डिस्कवर उतरवणे, ही दोन्ही कामे मला येतात. कारखान्यात तपासणी करणारीने माझा ट्रे तीनदा आतबाहेर करून पाहिला आणि पाठीवर 'पास'चा कागद चिकटवला. ती माझी पहिली शाबासकी.

ज्या घरी मी आलो तिथे मावशी आणि काका राहत. मावशी कपडे शिवायची, काका छापखान्यात अक्षरे जुळवायचे. दोघांनाही जन्मापासून ऐकू येत नव्हते. दारावरची घंटा कुणी दाबली की खोलीत दिवा लुकलुकायचा. ती दोघे हातांनी बोलत आणि हातांनीच भांडत. भांडण फार वाढले की काका सरळ डोळे मिटून घेत. मावशी मग आणखीच चिडायची!

काकांच्या बोटांना थरथर सुटली, तेव्हा मावशीची भाची कॅमेरा घेऊन आली. काकांचे बोलणे जपून ठेवायचे तिने ठरवले होते. इस्त्रीचा शर्ट घालून काका बावीस मिनिटे बोलले. मावशी पहिल्यांदा कशी दिसली, तिने शिवलेल्या पहिल्या शर्टाची एक बाही कशी आखूड झाली आणि तरी तोच शर्ट त्यांनी लग्नात कसा घातला, सगळे त्यांनी खुणांनी सांगितले. मी ते डिस्कवर उतरवले. फक्त शेवटी डिस्क 'पक्की' करण्याचे बटण दाबायचे राहून गेले. अशी डिस्क दुसरी यंत्रे ओळखत नाहीत. ती माझ्यावरच चालायची.

पुढच्या वर्षी काका गेले.

त्यानंतर रोज दुपारी, हातातले काम संपले की मावशी माझ्यासमोर येऊन बसायची. टीव्हीच्या पडद्यावरचे मला दिसत नाही. माझे तोंड मावशीकडे. बाहीची गोष्ट आली की तिचे खांदे हसण्याने हलायचे, त्यावरून मला कळायचे.

एकदा सुट्टीत भाचीचा नवरा, म्हणजे या घरचे जावई, येऊन राहिले. त्यांना माझे चित्र पुसट वाटले. त्यांनी टीव्हीकडे चित्र नेणारी माझी पिवळी वायर काढली, स्वतःच्या तीन रंगी वायरी जोडल्या आणि सेटअपमध्ये जाऊन व्हिडिओ आउटपुट 'कॉम्पोनंट' केले, म्हणजे चित्र फक्त त्या तीन वायरींतून बाहेर पडणार. चित्र खरेच लख्ख झाले. मावशीने त्यांची पाठ थोपटली. निघताना जावयांनी आपल्या वायरी गुंडाळून नेल्या, पिवळी वायर परत लावली. आउटपुट मात्र तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी मावशीने डिस्क घातली. पडदा काळा. मी माझे काम करतच होतो. पण चित्र जिथे वायरच नव्हती अशा वाटेने बाहेर पडत होते. आवाज तेवढा खोलीभर ऐकू येत होता, खुर्चीची करकर, कॅमेऱ्यामागून भाचीचे हसणे. मावशीला तो कुठून कळणार? तिने वायर काढली, लावली, मला फडक्याने पुसले, पुन्हा बटण दाबले. मग हात मांडीवर ठेवून ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली.

दुरुस्तीवाल्याने मला पाच मिनिटे पाहिले आणि चिठ्ठी लिहून दिली: 'चित्राचा भाग जळाला. नवा घ्या.'

तिने मला कपाटात ठेवले, चिंध्यांच्या गाठोड्याखाली. डिस्क माझ्या पोटातच होती. चौदा महिने मी शिवणयंत्राची धडधड ऐकली. दुपारी ती थांबायची, पण माझ्यासमोर कुणी येऊन बसत नव्हते. मी धडधाकट होतो, हे सांगायला मला वाचा नव्हती. सगळ्यात जड तेच गेले.

मग भाची आली. मावशीने कपाट उघडून दाखवले. भाचीने मला जोडले, आणि पडदा काळा असतानाच खोलीत तिचाच जुना आवाज आला, "काका, जरा सावकाश ना!"

ती दचकली. मावशीचा दंड धरून खुणांनी म्हणाली, "आवाज येतोय! हा जिवंत आहे!" मग नवऱ्याला फोन लावला.

"अहो, निघताना आउटपुट परत बदललं होतंत?"

पलीकडून "अरे देवा," एवढेच ऐकू आले.

माझी माहितीपुस्तिका मावशीच्या मापांच्या वहीत सापडली. भाचीने डिस्क काढली, पुस्तकात सांगितलेले बटण पाच सेकंद दाबून धरले. आउटपुट पूर्ववत झाले. मावशीने तिला बाजूला सारले आणि सगळे पुन्हा, सुरुवातीपासून, स्वतः करून पाहिले. दोनदा चुकली. तिसऱ्यांदा जमले. डिस्क पक्की करण्याचे बटणही तिनेच दाबले. आता काका कुठल्याही यंत्रावर दिसतील.

मित्रांनो, मला आता कुणी वापरेल की नाही, ठाऊक नाही. मागणे एवढेच, की एखाद्याकडून काही उमटत नसेल तर तो संपला असे घाईने ठरवू नका. वायर बघा, सेटिंग बघा, थोडा वेळ जवळ बसा. आणि कुणाच्या वस्तूत काही बदललेत, तर जाताना सांगून जा.

भाची गेल्यावर मावशीने काकांना लावले. थोडा वेळ पाहिले, मग रिमोट उचलून त्यांना मध्येच थांबवले. चौदा महिन्यांचे तिला कितीतरी सांगायचे होते. ते हातांनी सांगून होईपर्यंत मी काकांना जागचे हलू दिले नाही.